नाकोबाची खंडेनवमी

यंत्राचं कागदोपत्री नाव ‘गंधवेध-दोन’. पण मोहरघाटच्या संग्रहालयात ते खोक्यातून बाहेर निघालं, त्याची पुढे आलेली लांब पितळी नळी दिसली आणि कार्यालय अधीक्षक भोईटेबाई म्हणाल्या, “अगबाई, नाकोबा.” झालं. त्या दिवसापासून फक्त खरेदीच्या फाइलीत तेवढं गंधवेध राहिलं. आता आपल्याकडे एखाद्याच्या नावाला ‘बा’ लागला, की माणसं त्याच्या खोलीत शिरताना आपसूक चपला बाहेर काढतात. यंत्राच्या प्रमुख मृणाल चौबळ यांना वाटलं, धूळ कमी येईल, बरंच आहे. पुढचं सगळं खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण त्यांचं लक्ष धुळीकडे होतं.

मृणाल एक्कावन्न वर्षांची. रसायनशास्त्रातली डॉक्टर. पुण्यातली मोठी प्रयोगशाळा सोडून वडिलांसाठी गावी परतली होती. वडील म्हणजे अप्पा चौबळ, मोहरघाट हायस्कूलचे निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना मुलीची गरज आहे असं मुलीला वाटत होतं, मुलीला आपली गरज आहे असं अप्पांना वाटत होतं, आणि दोघंही हे एकमेकांना न सांगता मजेत राहत होती. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं.

“अप्पा, हा डबा मी टाकतेय.”

“कुठला?”

“बिस्किटांचा. परदेशी. झाकण गंजलंय.”

“त्यात सोडे आहेत.”

सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. चौबळांच्या घरात देवाच्या खालोखाल त्यांचा मान. चॉकलेटच्या डब्यात मोहरी, आइस्क्रीमच्या डब्यात कोथिंबीर, कुणा विद्यार्थ्यानं आणलेल्या स्कॉचच्या बाटलीत एरंडेल, अशी त्या घराची व्यवस्था होती. नवखा पाहुणा आपल्या हातानं काहीही उघडायला धजत नसे.

“आपण नवीन बरण्या घेऊ शकतो, अप्पा.”

“घेऊ की. पण त्यांच्यात आधी काही आलेलं असलं पाहिजे.”

अप्पांचं दुसरं वेड मात्र घराबाहेरचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमनांची, गलबतं कोकणच्या बंदरांना लागत. तिथून माल बैलांच्या पाठीवर चढून घाट ओलांडायचा आणि जुन्नर, पैठण, तेरच्या बाजारात पोचायचा. नाणेघाट सगळ्यांना ठाऊक आहे. अप्पांचं म्हणणं, आमच्या मोहरघाटावरूनही तशीच रोजची वाहतूक होती. हे ते सदतीस वर्षं सांगत आले होते. परिषदांमध्ये त्यांचा निबंध नेहमी जेवणाच्या सुट्टीच्या बरोबर आधी ठेवत, आणि श्रोत्यांच्या नाकाला मसालेभाताचा वास लागलेला असे.

मग नळयोजनेचं खोदकाम निघालं आणि सातवाहनांच्या नाण्यांच्या शेजारी एक उंच, दोन कानांचा, टोकदार बुडाचा कुंभ सापडला. थेट यवनांकडचा. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तज्ज्ञ आले, त्यांनी कुंभ पाहिला आणि म्हणाले, एका कुंभानं मार्ग सिद्ध होत नाही. कुणा हौशी माणसानं रिकामाच शोभेला आणला असेल. अप्पा पुन्हा जेवायला लागले, पण कमी.

त्यामुळे सगळा प्रश्न एवढाच उरला होता, की त्या कुंभात काय होतं? आणि तेवढ्यासाठीच नाकोबा आला होता.

त्याची विद्या तशी समजायला सोपी आहे. मातीचं भांडं डोळ्यांना घट्ट दिसतं, पण आतून ते पावासारखं जाळीदार असतं. त्यात जे भराल त्याचे तेलकट कण त्या छिद्रांत शिरतात आणि बसून राहतात. भांडं घासा, पुरा, दोन हजार वर्षं विसरा, ते हलत नाहीत. पूर्वी ते काढायचे तर भांड्याचा तुकडा कुटावा लागे. नाकोबा नुसता प्रकाशाचा एक बारीक ठोका मारी. मूठभर कण उडत, ते नळीतून आत ओढले जात, आत एकेकाचं वजन होई, आणि कोण कोण आलंय ते यंत्र बोलून सांगे. ठोका जसा खोल जाईल तसा काळ मागे जाई. वरच्या थरात भांड्यात शेवटी ठेवलेली वस्तू, तळच्या थरात पहिली. एवढ्यावर तो थांबत नसे. पोटातल्या साठ कुप्यांमधून थेंब थेंब मिसळून तोच वास पुन्हा घडवायचा आणि नळीतून समोरच्यांच्या तोंडावर सोडायचा, हे त्याचं खरं कौतुक.

कंपनीनं त्याला जगातले हजारो वास शिकवून पाठवलं होतं. त्यात हिंग नव्हता. तेव्हा मृणालनं घरून एकेक डबा आणून त्याला हिंग, तिळेल, आमसूल, सोडे असं सगळं हुंगायला दिलं. वासाचं वय सांगणारा एक भागही जोडता आला असता, पण तो जादा पैशांचा होता. खरेदी समितीनं त्याऐवजी स्वागतकक्षात सोफा घेतला.

एक नियम मात्र कडक होता. रोज काम सुरू करण्याआधी नाकोबाला काहीच न देता एक श्वास घ्यायला लावायचा. मृणाल त्याला कोरा श्वास म्हणायची. त्या श्वासात खोलीतला, नळीतला जो काही वास असेल तो यंत्र ध्यानात ठेवी आणि नंतरच्या प्रत्येक वाचनातून वजा करी.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. मोहरघाटात ट्रॅक्टरपासून झेरॉक्सच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग ज्याच्या नावालाच ‘बा’ आहे तो उपाशी कसा राहील? मृणाल त्या दिवशी अप्पांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. इकडे भोईटेबाईंनी नाकोबाला झेंडूचा भरगच्च हार घातला, नळीच्या टोकाला कुंकू लावलं, धूप फिरवला, कापूर ओवाळला आणि नैवेद्याचा पेढा नेमका नाकापाशी ठेवला. नाकोबा चालूच होता. त्यानं भक्तिभावानं एक दीर्घ श्वास घेतला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संचालक डॉ. ऐनापुरे दोन वाहिन्यांचे कॅमेरे घेऊन दारात उभे. ‘सार्थवाह’ नावाचं प्रदर्शन दिवाळीआधी उघडायचं होतं. सार्थवाह म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक, हे ते कॅमेऱ्याला तिसऱ्यांदा सांगत होते.

“मॅडम, कुंभ लावा.”

“सर, आधी कोरा श्वास घेऊ दे. पाऊण तास लागेल.”

“पाऊण तासात ही मंडळी परत जिल्ह्याला पोचतील. कालचा आहे ना?”

“परवाच्या आदल्या दिवसाचा आहे.”

“मग तोच वापरा. श्वासात काय फरक पडणार?”

मृणालनं जुना श्वास वापरला. नाकोबानं ठोका मारला, विचार केला आणि आपल्या सरकारी आवाजात म्हणाला, “पात्र क्रमांक सात. झेंडू. खात्री सत्त्याण्णव टक्के.”

आता झेंडूचं मूळ गाव मेक्सिको. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला, म्हणजे सातवाहनांनंतर दीड हजार वर्षांनी. ही गोष्ट डॉ. ऐनापुऱ्यांना ठाऊक होती, हेच दुर्दैव. ठाऊक नसती तर ते ‘बरं’ म्हणून पुढे गेले असते. ते कॅमेऱ्याकडे वळले. मग त्यांचा आवाज खाली गेला. “म्हणजे आपले सार्थवाह,” ते कॅमेऱ्याला म्हणाले, “मेक्सिकोला जाऊन आले होते.”

आठवडाभरात मोहरघाट ओळखू येईना. बाजारात ‘सातवाहन झेंडू’ अशा पाट्या लागल्या. नगरपालिकेनं मेक्सिकोच्या अभ्यासदौऱ्याचा ठराव एकमतानं मंजूर केला, आणि हे एकमत पाहून काही जुने नगरसेवक हळवे झाले. एका मंडळानं अमेरिकेचं नाव बदलण्याची मागणी केली. नवीन नाव काय ठेवायचं यावरून त्या मंडळात फूट पडली. मेक्सिकोच्या वकिलातीला निमंत्रण गेलं.

आणि अप्पा टीव्हीवर आले. रोज येऊ लागले. सदतीस वर्षं ज्यांच्या निबंधावर लोक उठून जेवायला गेले, त्यांच्यापुढे आता जेवणं टाकून लोक बसत होते. घरी आल्यावर ते गुणगुणत. मृणालनं त्यांना गुणगुणताना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिला पहिल्याच दिवशी शंका आली होती. रसायनाचं माणूस, शंका येणारच. पण तपासायला गेलं तर गुणगुणणं थांबेल, म्हणून ती रोज तपासणी उद्यावर टाकत होती. शास्त्रात याला काही नाव नाही. घराघरांत मात्र हेच चालतं.

शेवटी उद्घाटनाच्या दोन दिवस आधी तिनं दार लावून घेतलं आणि नाकोबापुढे जुन्नरकडचं एक खापर ठेवलं.

“झेंडू,” नाकोबा म्हणाला.

तिनं आपला चहाचा मग ठेवला.

“झेंडू.”

तिनं टेबलावरचा स्टेपलर ठेवला.

“झेंडू. खात्री शहाण्णव टक्के.”

तिनं काहीच ठेवलं नाही. नाकोबानं रिकाम्या जागेकडे पाहून मन लावून वास घेतला. “झेंडू. धूप. कापूर. हळद. पेढा, खव्याचा.”

मृणालनं मागची जाळी उघडली आणि चिमट्यानं आतून एक वाळकी केशरी पाकळी बाहेर काढली. मग ती दाराबाहेर गेली. “भोईटेबाई, खंडेनवमीला तुम्ही…”

“साग्रसंगीत केली हो मॅडम,” भोईटेबाई म्हणाल्या. “तुम्ही नव्हतात म्हणून काही कमी पडू दिलं नाही.”

कुंभ पुन्हा तपासावा, तर तो आता मंचावरच्या काचेच्या पेटीत कुलूपबंद होता. किल्ली पालकमंत्र्यांच्या हस्ते फिरायची होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अप्पा कोटाला इस्त्री करत होते. उद्घाटनात त्यांचं भाषण होतं. जेवणाच्या सुट्टीच्या आधी नव्हे, सगळ्यात आधी.

“अप्पा, एक सांगायचंय.”

“चहा घेऊन सांग. ओट्यावर आहे.”

तिनं चहा घेतला. संपवला. कप विसळला. पालथा घातला.

“अप्पा, तो झेंडू खंडेनवमीचा आहे.”

अप्पांनी इस्त्री उभी करून ठेवली. “हो ना,” ते म्हणाले.

“हो ना म्हणजे?”

“म्हणजे दुसरा कुठला असणार? झेंडू, मिरची, बटाटा, पेरू. सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवायचो. तुलाही शिकवलंय. तुला त्यात सहा मार्क पडले होते.”

“पण मग तुम्ही टीव्हीवर रोज…”

“काय म्हणालो मी टीव्हीवर? आठव बघू. आमच्या लोकांना फुलांची आवड फार जुनी आहे, म्हणालो. झेंडूचा प्रवास मोठा आहे, म्हणालो. हा शोध लोकांच्या कायम लक्षात राहील, म्हणालो. यातलं खोटं काय आहे?”

मृणाल स्टुलावर बसली. “अहो, पण गप्प का बसलात?”

अप्पा कोटाची कॉलर उगाच सरळ करत राहिले. “तू पुणं सोडून आलीस. इथं आल्यावर पहिलंच मोठं काम. आणि तुझ्या यंत्राला पूजेचा झेंडू कळला नाही असं मी बापानं चारचौघांत सांगू? म्हटलं, तिचं तिला सापडेल. तोवर आपण बोलून वेळ काढू.”

“आणि मी गप्प होते, कारण तुम्ही गुणगुणत होतात.”

“मी?”

“रोज.”

“ते गुणगुणणं नव्हतं. टीव्हीवर काय बोलायचं याची जुळवाजुळव होती.” अप्पा थांबले. मग त्यांना हसू फुटलं, मग तिला, आणि त्या हसण्यात कोटाच्या बाहीवर इस्त्री आडवी झाली. बाहीला छान तपकिरी नक्षी उमटली.

हसू ओसरल्यावर मृणाल म्हणाली, “अप्पा, झेंडू वजा केल्यावर खाली काहीच निघालं नाही, तर? कुंभ खरंच रिकामा आला असेल, तर?”

“तर मी सदतीस वर्षं चुकीचं बोललो.” त्यांनी बाही न्याहाळली. “कुणी ऐकलेलं नाही, त्यामुळे फार नुकसान नाही.”

ते हे हसत म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते कमी जेवले, हे मृणालनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. ऐनापुऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते नव्या सोफ्यावर बसले. सोफा त्यासाठीच घेतल्यासारखा उपयोगी पडला. “मेक्सिकोचे पाहुणे निघालेत,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “मंत्र्यांना काय सांगू?”

“मंत्र्यांना फीत कापायला देऊ नका,” अप्पा म्हणाले. “कळ दाबायला द्या. पत्रिकेत छापा, नाकोबाची शुद्धी, पालकमंत्र्यांच्या शुभहस्ते. शुद्धी म्हटलं की कुणी विचारत नाही, कशाची.”

भोईटेबाई दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते. “म्हणजे माझी पूजा काढून टाकणार?”

“काढत नाही हो,” मृणाल म्हणाली. “वजा करतोय. म्हणजे नाकोबा तुमची पूजा ध्यानात ठेवणार आणि मगच बाकीचं बोलणार.”

भोईटेबाईंनी विचार केला. “मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “असंच तर सगळ्यांनी करायला पाहिजे.”

उद्घाटनाला सभागृह ओसंडत होतं. गावातला सगळा झेंडू मंचावर होता, आणि पाहुण्यांसाठी नवा सोफाही. पालकमंत्र्यांनी कळ दाबली, नाकोबानं सर्वांसमक्ष कोरा श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “झेंडू. धूप. कापूर. हळद. पेढा. सोफ्याचे रेक्झिन.”

मृणालनं माइक हातात घेतला आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं. दहा दिवस ज्याला सातवाहनांचा झेंडू म्हटलं तो खंडेनवमीचा होता. चूक कोऱ्या श्वासाची होती, तो तिनं घेतला नाही, ही तिची चूक. सभागृह गप्प. अभ्यासदौऱ्याचे नगरसेवक सर्वांत गप्प. कुठून तरी एक हसू फुटलं. मेक्सिकोच्या पाहुण्यांच्या कानात दुभाषा ते कुजबुजत होता, आणि हसणारे तेच होते.

“आता कुंभ,” मृणाल म्हणाली. पेटी उघडली गेली. तिनं अप्पांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत भाजकी बाही झाकून बसले होते.

पहिला ठोका.

“पात्र क्रमांक सात. सर्वांत वरचा थर. सोडे. खात्री नव्व्याण्णव टक्के.”

आणि नळीतून वास सुटला. तो वास सांगून कळत नाही आणि एकदा आला की लपत नाही. शाकाहारी डॉ. ऐनापुऱ्यांनी हळूच रुमाल काढला. मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “कुणाच्या घरी सोड्यांची खिचडी टाकलीय गं?” सभागृह खदखदलं. पालकमंत्री डोळे मिटून उभे होते. त्यांचं आजोळ कोकणातलं.

अप्पा मात्र हसत नव्हते. सोडे समुद्रावरून घाट चढून आले, हे ठीक. पण कुंभ? तो भरलेला आला की रिकामा?

दुसरा ठोका, खोल.

“मधला थर. द्राक्षाचे मद्य.”

तिसरा.

“तळचा थर. पाइनची राळ, अस्तराची. मद्य आणि राळ एकमेकांत मुरलेली. मद्य दीर्घकाळ साठवलेले असावे. वाचन समाप्त.”

मृणालनं माइक खाली ठेवला. म्हणजे यवनांच्या देशात कुणीतरी कुंभाला आतून राळ फासली, द्राक्षाची दारू भरली, ती समुद्र ओलांडून, बैलाच्या पाठीवर मोहरघाट चढून इथं आली, इथं कुणीतरी ती प्याली. आणि नंतर त्या घरातल्या कुणीतरी तो कुंभ घासला, वाळवला, आणि म्हटलं, कशाला टाकायचा, सोडे राहतील. पुढच्या तांड्याबरोबर कोकणातून सोडे आले आणि त्यात भरले गेले. शोभेचा कुंभ नव्हताच तो. घरातला होता. रोजच्या रस्त्यावरच्या रोजच्या घरातला.

अप्पांचं भाषण राहूनच गेलं. ते उठले, माइकपाशी गेले आणि एवढंच म्हणाले, “टाकला नाही त्यांनी.”

टाळ्या इतक्या वाजल्या की नाकोबानं त्या काळजीपूर्वक हुंगून पाहिल्या. त्याला काही सापडलं नाही.

मेक्सिकोचे पाहुणे शेवटी बोलले. फूल आमचंच आहे, ते म्हणाले. त्याला यायला जरा उशीर झाला, पण त्याच्या नशिबात इतकी पूजा आहे हे पाहून आम्ही त्याला माफ करतो. त्यांनी अप्पांना त्यांच्याकडच्या मद्याची एक काळ्या मातीची बाटली भेट दिली. नगरपालिकेनं दौऱ्याचा ठराव रद्द केला नाही. फक्त ‘मेक्सिको’ खोडून ‘ग्रीस’ लिहिलं.

अप्पांनी बाटली दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून संपवली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मृणालला ती ओट्यावर रिकामी दिसली. तिनं ती उचलली. दारामागून अप्पा श्वास रोखून पाहत होते.

तिनं ती घासली. गच्चीवर उन्हात वाळवली. मग बिस्किटांच्या गंजक्या डब्यातले सोडे एकेक करून तिच्यात भरले, बूच घट्ट लावलं, आणि देवाला वाहून उरलेलं एक झेंडूचं फूल बाटलीच्या गळ्यात अडकवून दिलं. दोन हजार वर्षांनी कुणी हुंगलं तर त्याला काय वाटायचं ते वाटो.

“आणि हा डबा?” तिनं गंजका डबा दाखवत विचारलं.

“त्यात बटणं राहतील,” अप्पा म्हणाले.

मृणालनं डबा धुवायला घेतला.